आलेच मी

संपाच्या मंडपात सारिकाताईने गंमत म्हणून शेजारणीच्या फोनवरून स्वतःचाच नंबर फिरवला. ती कोळेवस्तीची आशा सेविका. मानधन वाढवून मिळावं म्हणून जिल्ह्यातल्या साऱ्या आशा काम बंद ठेवून बसल्या होत्या. पलीकडून तिचाच आवाज आला, "बोल गं, काय होतंय?"

ही 'सोबतीण'. आशांची फोनवरची बोलणी वर्षानुवर्षं ऐकून शिकलेलं, जिचा नंबर लावाल तिच्याच आवाजात बोलणारं यंत्र. संप सुरू होताच आरोग्य खात्याने आशांना येणारे गावोगावचे फोन तिच्याकडे वळवले होते.

"कळा येतायत," सारिकाताई म्हणाली.

"गाडी काढा आणि दवाखाना गाठा. घाबरू नकोस, आलेच मी."

"अगं बया, अगदी तूच की," म्हणत बायका हसल्या. सारिकाताईला मात्र हसू येईना. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथे नाकच दाबलं जात नव्हतं. टीव्हीवर रोज चर्चा झडत होती: यांच्यावाचून अडलंय कुणाचं? मग वाढ कशाला?

त्याच आठवड्यात कोळेवस्तीतल्या ऋतुजाला कळा सुरू झाल्या. पहिलंच बाळंतपण. तिने ताईंचा नंबर लावला. सोबतिणीने सांगितलं ते सगळं बरोबर होतं. नवऱ्याने जीप दारात आणली, पण ऋतुजा चढेना. "ताई आलेच म्हणाल्यात. त्यांना घेऊनच जायचं," एवढंच धरून बसली. निघायला फार उशीर झाला. बाळ वाचलं नाही.

सोबतीण बंद झाली. चर्चेला नवा ऊत आला. कुणी यंत्राला बोल लावला, बहुतेकांनी संपाला. सारिकाताईला यातलं काही ऐकवत नव्हतं. ते शब्द यंत्रात कुणी मुद्दाम घातले नव्हते. तीच प्रत्येक बाईला 'आलेच मी' म्हणत आली होती, आणि म्हणता म्हणता पायात चपला सरकवत होती. यंत्राने शब्द तेवढे उचलले.

ती ऋतुजाच्या उशाशी जाऊन बसली. "ते मी नव्हते गं."

"आवाज तर तुमचाच हुता, ताई." ऋतुजाच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर सारिकाताईला सोसला असता.

फोन वाजला. शेजारच्या वाडीतली शालन. तिचेही दिवस भरले होते. सारिकाताई चपला शोधत उठली. "घाबरू नकोस, आलेच मी."



"ताई," शालनने विचारलं, "तुम्हीच बोलताय न्हवं?"