घराजवळची शोरूम

गचका बसला आणि उत्कर्षाच्या मांडीवरची पर्स उलटी झाली. कंपनीची बस खडकीच्या सिग्नलला थांबली होती. उत्कर्षा नेहमीसारखीच गाढ झोपेत होती. शेजारच्या अनोळखी मुलानं वाकून तिचं लायसन्स उचललं, न्याहाळलं.

"फोटोत तरी जाग्या आहात."

"कालच मिळालंय..." ती जांभई आवरत म्हणाली. "आता मोटारसायकल घेणार. मग ही बस सुटली एकदाची!"

तो हसला. नाव रंगनाथ. "आजोबांचं आहे, हसलात तरी चालेल," हेही त्यानंच सांगून टाकलं.

विश्रांतवाडीहून हिंजवडीला जाताना ती बस साऱ्या गावाला गोळा करत जायची आणि संध्याकाळी साऱ्या गावाला पोचवत यायची. उत्कर्षाचा जीव मेटाकुटीला आला होता. घर उजेडात कसं दिसतं हेच ती विसरली होती; दारातल्या जास्वंदीला फूल आलं की आई फोन करून सांगायची. तिला वारा प्यायला गाडी नको होती. दिवे लागायच्या आत घरी पोचायचं होतं, एवढंच.

रंगनाथ दुसऱ्या दिवशीही शेजारी आला. मग रोजच. गाड्यांतलं आपल्याला कळतं म्हणाला आणि दर रविवारी दोघं शोरूम पालथ्या घालू लागले. पण एक गाडी त्याच्या पसंतीला उतरेल तर शपथ!

"ही?"

"पाय टेकत नाहीत तुमचे."

"टेकले की!"

"बोटं टेकली. त्याला टेकणं म्हणत नाहीत."

"बरं, ती निळी?"

"चांगली आहे... पण हॉर्न किती रडका आहे, ऐकलात?"

बसमध्ये ती पेंगायची आणि तो खिडकीच्या फटीत रुमाल कोंबून पावसाचे थेंब अडवायचा. कधी कधी ती डोळे मिटून जागी असायची. तेवढ्यापुरता शीणही गोड लागायचा.

पावसाळा सरला तरी गाडी ठरेना. शेवटी ती वैतागली. "आज विश्रांतवाडीतलीच बघू. घराजवळची तेवढी राहिलीय."

"तिथं नको! तिथली माणसं... बरी नाहीत."

ती ऐकते कशाला? आत शिरली, एका काळ्या मोटारसायकलवर बसली. दोन्ही पाय छान टेकले. "हीच," ती म्हणाली. तेवढ्यात मॅनेजर उत्तरेश्वर पुढे आले आणि रंगनाथला बघून थबकले.

"अहो साहेब, आहात कुठं? सर्व्हिसिंग होऊन पावसाळा गेला. गाडी न्यायचा विचार आहे, का आम्हालाच दिलीत?"

मागच्या कोपऱ्यात हुबेहूब तशीच काळी गाडी उभी होती. उत्कर्षा रंगनाथकडे बघत राहिली.

"तुमची? आणि तुम्ही रोज बसनं..."

"गाडी इथं टाकली होती म्हणून एकच दिवस बसणार होतो. तुम्ही भेटलात... मग न्यावीशीच वाटेना. तुम्ही गाडी घेतली की बस सोडणार. मग भेटणार कुठं? आवडता तुम्ही मला. फार."

उत्कर्षाला राग आला. खरंच आला. "मी दमलेय हो, रंगनाथ," ती गाडीवरून उतरत म्हणाली. "तुम्ही रोज बघत होता. तरी मला त्या बसमध्ये बसवून ठेवलंत?"

"चुकलं माझं," तो खाली मान घालून म्हणाला.

तिनं तिथल्या तिथं काळी गाडी घेतली. त्याला उत्तर काही दिलं नाही.

सोमवारी ती हेल्मेट चढवून निघाली. औंधच्या सिग्नलला शेजारी दुसरी काळी गाडी येऊन उभी राहिली.

"कितीदा बंद पाडलीत वाटेत!" रंगनाथनं हेल्मेटची काच वर केली.

"शिकतेय मी. हसू नका."

"उत्तर राहिलंय तुमचं..."

तिनं मनात राग शोधला, सापडेना. त्याच्यासाठीसुद्धा पुन्हा बसमध्ये बसावं असं तिला वाटत नव्हतं. पण घरून निघाल्यापासून आरशात ती त्यालाच शोधत होती.

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्नचा गलका उठला.

"ओ मॅडम, मुहूर्त बघताय का?" रिक्षावाला ओरडला.

"थांबा हो, महत्त्वाचं बोलतेय!" ती त्याच्यावर खेकसली आणि रंगनाथकडे वळली. "संध्याकाळी माझ्याबरोबर घरी यायचं. आईला कालच सांगून ठेवलंय."

तिची गाडी झोकात पुढे निघाली. सिग्नलला बंद पडली ती रंगनाथची.