मनोऱ्यावरची मांजर

"मेलो! पुन्हा मेलो!" शेजारच्या ढापण्याने मोबाइल गादीवर आपटला. "सुट्टी लागल्यापासून शंभर वेळा तरी मेलो असेन. आता मरायचाही कंटाळा आला बुवा!"

भिंगरी पंख्याखाली लोळत होती. तिलाही कंटाळाच आला होता, पण खेळ सोडवत नव्हता. गावच्या घड्याळ चौकात ऐंशी वर्षांपूर्वी नऊ दिवस लढाई झाली होती आणि तिच्या मामेभावाने, म्हणजे दादाने, त्याच चौकाचा नकाशा या खेळासाठी बनवला होता. गल्ल्या, दुकानं, सैनिक ज्यातून निसटले ते भुयार, सगळं त्यात होतं. घड्याळाच्या मनोऱ्याच्या छतावर त्याने आपली शेपूटतुटकी मांजरही बसवली होती. ती म्हणे त्याची सही!

"भुयार मात्र वीस पावलं पूर्वेला सरकवलंय हं," दादा जांभई देत म्हणाला. सहा महिने जागून त्याचे डोळे खोल गेले होते. "खऱ्या जागी ठेवलं असतं तर एकाच बाजूचं फावलं असतं, आणि तुम्ही भांडून माझं डोकं खाल्लं असतं!"

दुपारी भिंगरी आणि ढापण्या बाबांचा डबा घेऊन चौकात गेले. तिथे पाण्याच्या मोठ्या पाइपसाठी खोदाई चालली होती. भिंगरीचे बाबा खोदाईचं मशीन चालवत. तीन आठवडे त्यांना एक दिवसाची सुट्टी नव्हती. घरी आले की जेवतानाच त्यांचा डोळा लागायचा.

इंजिनिअरसाहेबांच्या टेबलावर एक नकाशा पसरला होता. भिंगरी सहज वाकली आणि जागीच थबकली.

"ढापण्या, मनोऱ्यावर बघ!"

"अगं, ही तर आपली मांजर!"

"म्हणजे भुयारही खेळातलंच. मग खरं भुयार कुठे?"

नकाशात भुयार दाखवलं होतं त्या जागेपासून दोघांनी चौकात पश्चिमेला पावलं मोजली. पंधरा, सोळा... पुढच्या चार पावलांवर खोदायच्या जागेचा चुन्याचा पांढरा चौकोन आखला होता आणि बाबांचं अजस्र मशीन धडधडत त्याच चौकोनाकडे येत होतं!

खाली भुयार असलं तर मशीन बाबांसकट आत कोसळणार! ओरडून उपयोग नव्हता, त्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? मग तिला बाबांचा नियम आठवला. लाल झेंडा दिसला की आधी मशीन बंद, चौकशी नंतर. झेंडेवाले काका झाडाखाली पेंगत होते. तिने त्यांच्या हातातला झेंडा ओढला आणि जिवाच्या आकांताने हलवला.

मशीन थांबलं.

"ए पोरी!" साहेब धावत आले. "इथे काय खेळ मांडलायस?"

"खेळ तुम्हीच मांडलाय, काका! हा नकाशा आमच्या मोबाइलमधल्या लढाईचा आहे!"

"काहीतरीच! अगं, जुने नकाशे ठेवलेली खोली महिनाभर बंद आहे, म्हणून नेटवरून हा घेतला. चांगला स्वच्छ आहे की!"

"मग सरकारी नकाशात मनोऱ्यावर मांजर कशी?" ढापण्याने विचारलं.

साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "मला तो शाईचा डाग वाटला होता," ते पुटपुटले.

बाबा खाली उतरले. त्यांनी पहार घेतली आणि चुन्याच्या कडेला उभं राहून हाणली. पहिला घाव, दुसरा घाव. तिसऱ्या घावाला पहार हातातून सुटून जमिनीत गडप झाली! क्षणभराने खालून ती पाण्यात पडल्याचा आवाज आला.

 साहेबांनी हेल्मेट काढलं. "शाबास, पोरांनो! चूक माझी आहे. तुमचा तो दादा कुठे राहतो? खरा नकाशा आता त्याच्याकडेच मागतो. आणि तुम्ही आठ दिवस विश्रांती घ्या हो," ते बाबांना म्हणाले.

 बाबांनी सावलीत बसून डबा उघडला.

"तुमच्या त्या खेळात भुयारात पडलं की काय होतं गं?" त्यांनी विचारलं.

"दहा सेकंदांनी परत उभं राहता येतं."

"बरं आहे की!" बाबा हसले.

भिंगरीला हसू आलं नाही. तिने त्यांची धुळीने भरलेली बाही घट्ट पकडली आणि डबा संपेपर्यंत सोडली नाही.