मा ओरेलाच्या पलंगावरचे पाहुणे

दिवा जरा माझ्याकडे सरकव, मार्वा. तू त्या बार्बाडोसच्या जोडप्याला ‘या’ म्हणून कळवलंस ते चांगल्या मनानेच कळवलंस, मी तुला बोल लावत नाही. होड्यांच्या शर्यतीच्या आठवड्यात खोली रिकामी ठेवणारी सासू तुला वेडीच वाटली असणार. पण तू तिकडच्या ग्रेनाडा बेटावरची, या घरात येऊन तुला अजून वर्ष झालेलं नाही. मी तुला आधीच सांगायला हवं होतं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मंगळवार होता आणि मी धक्क्यावर गेले होते ती फक्त मासळी घ्यायला. तुझा सासरा गलबत घेऊन त्रिनिदादला गेला होता, तो शुक्रवारी परतायचा होता. शनिवारी त्याच्या आईच्या, मा ओरेलाच्या, कबरीवर दगड उभा करायचा होता. तुमच्याकडे कसं करतात मला ठाऊक नाही. आमच्या घराण्यात माणूस पुरलं की लगेच दगड लावत नाहीत. मुलं-नातवंडं परदेशातून जमेपर्यंत थांबतात, मग मोठं जेवण घालून लावतात. तोवर मेलेल्याला स्वतःचं घर नसतं. मा ओरेलाला जाऊन सहा वर्षं झाली होती. कोरलेला दगड आठवडाभर आधी आला. चार जणांनी घामाघूम होत तो आत आणला आणि रीतीप्रमाणे तिच्याच पलंगावर आडवा निजवला. डोक्याखाली उशी, अंगावर तिची पांढरी, काठाला विणलेली चादर. शनिवारपर्यंत पलंग तिचा, असा नियम.

दुपारच्या बोटीने आलेले दोघं धक्क्यावर सामानावर बसून होते. एव्हर्टन इनिस आणि त्याची बायको कोरली. त्यांनी ठरवलेल्या घराची पाण्याची टाकी त्याच सकाळी फुटली होती आणि गावात दुसरी खोली मिळेना. बाई हसतमुख होती, मोठी गवती टोपी घातलेली. तो मात्र राखेसारखा दिसत होता. काही महिन्यांपूर्वी त्याच्या काळजाची शस्त्रक्रिया झाली होती आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, एखाद्या लहानशा शांत बेटावर जा, समुद्र बघ, झोप काढ. पंचवीस वर्षांच्या संसारातली ही त्यांची पहिली सुट्टी. आजारी माणूस आमच्या धक्क्यावर उन्हात बसलेला मला बघवेना. खरं सांगायचं तर, व्हर्लिनने पाहुण्याला दारातून परत पाठवलं असं कुणी म्हटलेलंही मला चाललं नसतं.

मी शेजारच्या कॉस्मसला बोलावलं. तो तेव्हाही म्हाताराच होता, पर्यटकांना नावेतून फिरवायचा. त्याने आणखी तीन गडी आणले आणि दगड मागच्या शेडमध्ये नेऊन पोत्यांवर ठेवला. जाताना तो दारात थांबला.

“तिला विचारलंस का, व्हर्लिन?”

“दगडाला काय विचारायचं?”

“निदान रम आणि पाणी तरी शिंपड. कुठं नेलंय ते सांग.”

“शनिवारी शिंपडीन. पाहुणे ताटकळलेत.”

तो टोपी काढून शेडकडे तोंड करून क्षणभर उभा राहिला. मला त्याचा राग आला. आणि दुसरी चूक तर मी एकटीनेच केली. बाकीच्या चादरी दोरीवर ओल्या होत्या. दगडावरची चादर कोरी, इस्त्रीची, घरातली सगळ्यात चांगली. तीच मी झटकून पाहुण्यांसाठी पलंगावर घातली.

पहिला दिवस छान गेला. कॉस्मसने त्यांना समोरच्या वाळूच्या बेटावर नेलं. दोघं गुडघाभर पाण्यात हात धरून उभी राहिली, नारळाचं पाणी प्यायली, आणि त्याच्या गालांवर थोडा रंगही आला. दुपारी तो झोपला आणि कोरली माझ्याबरोबर अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली. तो किती घोरतो याच्या गमती ती सांगत होती. तेवढ्यात आतून आवाज आला. टक्. टक्. टक्. पलंगाच्या लोखंडी दांडीवर अंगठी आपटल्यासारखा.

मी उठले, तांब्यातून पाणी ओतलं आणि पेला घेऊन खोलीच्या दारापर्यंत गेलेसुद्धा. तिथे माझे पाय थांबले. मा ओरेला शेवटची दोन वर्षं अंथरुणाला होती. पाणी हवं असलं की ती हाक मारत नसे, लग्नाची अंगठी दांडीवर तीनदा आपटायची. माझ्या अंगात ती सवय इतकी भिनली होती की सहा वर्षांनीही मी विचार न करता उठले होते.

पलंगावर एव्हर्टन उताणा झोपला होता, पाय जुळवलेले, हात सरळ अंगाशी. तो घोरत नव्हता. मी पेला खाली ठेवला आणि बाहेर येऊन शेंगा सोलायला लागले. कोरलीला काही बोलले नाही. झोपेत हात लागला असेल, मी मनाशी म्हटलं.

गुरुवारी मी शंखातल्या मांसाचं कालवण आणि तुरीच्या दाण्यांचा भात केला होता. त्याने एक घास घेतला आणि ताट हलकेच पुढे सरकवलं. “मीठ नको,” म्हणाला. मला वाटलं, काळजाचं पथ्य असेल, आणि मी त्याला वेगळा अळणी भात करून दिला. तो त्याने सगळा खाल्ला, चाखतमाखत, बोटं चाटून. कोरली माझ्यामागून चुलीपाशी आली. तिचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

“मिस व्हर्लिन, हा माणूस आंब्यालासुद्धा मीठ लावून खातो. डॉक्टर रागावून थकले… याने उभ्या आयुष्यात अळणी घास गिळलेला नाही.”

माझ्या हातातला डाव चुलीवर पडला. अळणी जेवण आम्ही मेलेल्यांसाठी करतो, मार्वा. त्यांच्या ताटात मीठ पडलं तर त्यांना परतीची वाट सापडत नाही, असं मा ओरेलाच मला सांगायची, आणि मीठ पडलं तर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

मी अजूनही गप्प राहिले. का विचारशील तर लाजेपोटी. आपण काय केलं ते परक्या बाईला कुठल्या तोंडाने सांगायचं? एक रात्र तर उरली आहे, मी म्हटलं, शुक्रवारी दुपारच्या बोटीने ती जाणारच आहेत.

संध्याकाळी कॉस्मस त्यांना सोडायला आला आणि मला कुंपणापाशी घेऊन गेला. एरवी तो थट्टेशिवाय बोलत नसे. “काय खायला घालतेस त्याला?” एवढं म्हणाला खरा, पण त्याचे ओठ कोरडे पडले होते. “काल नाव सरळ होती. आज त्याच्या बाजूने काठाशी पाणी आलं. मी दोन पिंपं दुसरीकडे सरकवली तरी वर येईना. आणि त्याची पावलं बघ.”

मी पाहिली. किनाऱ्यापासून घरापर्यंत ओल्या वाळूत दोघांची पावलं उमटली होती. तिची नेहमीसारखी. त्या सडपातळ, आजारातून उठलेल्या माणसाची मात्र वीतभर खोल.

शुक्रवारी दुपारी बारा वाजता, लख्ख उन्हात, कोरली अनवाणी धावत माझ्या स्वयंपाकघरात आली. तो उठत नाही म्हणाली. मी गेले. तो तसाच उताणा, डोळे मिटलेले, ओठ निळसर. पलंग मधोमध जमिनीला टेकायला आला होता. मी त्याचा हात धरला. तो थंड होता, विहिरीच्या काठासारखा थंड, आणि मला तो हात चादरीवरून बोटभरही उचलता आला नाही. आम्ही दोघींनी मिळून ओढला. कॉस्मस आला, त्याने ओढला. खोलीत चुन्याचा आणि ओल्या मातीचा वास कोंडला होता.

“श्वास आहे,” कॉस्मस कान लावून म्हणाला. “पण थांबून थांबून येतोय. व्हर्लिन… दगड कुठाय?”

मी शेडमध्ये धावले. इतकी घाबरले होते की देवाचं नावसुद्धा आठवेना. चौघांनी आणलेला दगड, त्याच्याखाली मी हात घातले, ते फक्त तो जागेवर आहे ना हे बघायला. आणि तो वर आला. रिकाम्या खोक्यासारखा माझ्या दोन हातांत वर आला. मी एकटीने तो छातीशी धरून भर दुपारी अंगण ओलांडलं. त्यावर तिचं नाव कोरलेलं होतं आणि ते माझ्या हनुवटीला लागत होतं.

तो मी एव्हर्टनच्या शेजारी निजवला. चादरीचं मोकळं टोक ओढून दगडावर घातलं. कॉस्मसने रमची बाटली दिली, ती शिंपडली, मग पाणी शिंपडलं. मी गुडघ्यांवर बसले आणि कोरलीसमोर, लाज सोडून बोलले.

“मा, चुकले मी. तुझी जागा न विचारता दुसऱ्याला दिली. हा परका माणूस आहे, त्याचा काही दोष नाही. तुझा पलंग घे… त्याला सोड.”

बराच वेळ काही झालं नाही. मग दगडाच्या बाजूची एक फळी करकरली. नंतर दुसरी. दगड गादीत हळूहळू रुतू लागला आणि एव्हर्टनची बाजू इंच इंच वर आली. त्याने मोठा श्वास घेतला. कोरली त्याच्या गळ्यात पडून रडायला लागली.

“आता हलवू नका,” कॉस्मस म्हणाला. “सूर्य बुडेपर्यंत दोघांना असंच राहू दे. सगळं परत जायला वेळ लागतो.”

पण बोट साडेतीनला सुटायची होती. कोरलीला त्याला घेऊन ताबडतोब इस्पितळ गाठायचं होतं, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं. मी ‘थांबा’ म्हणू शकले असते. पाया पडून थांबवू शकले असते. नाही थांबवलं. संध्याकाळी तुझा सासरा येणार होता आणि ती दोघं माझ्या घरात नको होती, हे खरं कारण. एव्हर्टन स्वतःच्या पायांनी बोटीवर चढला. कोरलीने त्याचा दंड धरला होता. बोटीच्या फळीवर त्याने पाय ठेवला तेव्हा फळी जरा जास्तच वाकली, ते मी पाहिलं आणि मान फिरवली.

शनिवारी दगड उभा राहिला. तो उचलायला चार माणसं लागली, तेव्हा मला हायसं वाटलं. कुणी बघत नसताना ती चादर मी घडी करून खड्ड्यात टाकली आणि तिच्यावर दगड वाळूत रोवला गेला. तुझ्या सासऱ्याला यातलं काहीच माहीत नाही. खोलीला मी त्याच दिवशी कुलूप लावलं.

त्यानंतर कोरलीची पत्रं येत राहिली. एव्हर्टन ठणठणीत आहे, डॉक्टर चकित झाले आहेत. फक्त मीठ सोडलंय त्याने. आणि एक गंमत, तिने लिहिलं होतं, हल्ली पाणी हवं असलं की हाक मारत नाही, पलंगावर अंगठी आपटतो. मी एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. मग ते शेवटचं तुझ्या हातात पडलं: त्याने हट्टच धरलाय, सुट्टीला तिथेच जायचं, त्याच खोलीत. तू ‘या’ म्हणालीस. उद्या दुपारच्या बोटीने ती दोघं येताहेत.

म्हणून आज सकाळी मी कबरीवर गेले. गवत काढायचं निमित्त केलं आणि दगडाच्या कडेखाली बोटं घातली. चार वर्षं मी दर महिन्याला घालत आले आहे आणि तो कधी तसूभरही हलला नव्हता. आज एका हाताने वाळूतून सुटून वर आला. मी तो तसाच परत ठेवला. खाली बघायचा धीर झाला नाही.

घरी आले तर तू कुलूप काढून, खोली झाडून, पलंग मांडून तयार. मनापासून केलंस, मार्वा, मी पाहिलं. आता घाबरू नकोस, फक्त खरं सांग. तू पलंगावर घातली आहेस ती पांढरी, काठाला विणलेली चादर… ती तुला कुठे मिळाली?