बांगडा आला!

इंदूचं बोरन्हाण होतं, म्हणून तिच्या आजीनं, माईंनी, सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून इंदू पाटावर बसली होती. मुकुटातला हलवा उपटून तोंडात कोंबायची तिची खटपट चालू होती. समोर तिचा बाप, शार्दुल, अवघडून बसला होता. आदल्याच दिवशी तो समुद्राखालून घरी आला होता. तो गेला तेव्हा इंदूला मानसुद्धा सावरता येत नव्हती. आता बाईसाहेब ताठ बसून सगळ्यांवर नजर ठेवून होत्या.

वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापासून दूर, समुद्रतळावरच्या वीजकेंद्रात शार्दुल यंत्रं सांभाळायचा. तिथला दाब इतका, की साध्या हवेऐवजी हेलियम मिसळलेल्या हवेत राहावं लागतं. मधेच घरी यायचं म्हटलं, तर दाब हळूहळू उतरवण्यातच कित्येक दिवस जातात. म्हणून एकदा खाली गेलं की मुदत संपेपर्यंत खालीच. त्यात हेलियममुळे माणसाचा आवाज बदकासारखा चिरका होतो. बापाचा असला आवाज ऐकून तान्ह्या पोरीनं भोकाड पसरू नये, म्हणून कंपनीनं घरी ‘बोलका’ दिला होता. फळीवर ठेवायचा, नारळाएवढा. खालून आलेला चिरका आवाज तो शार्दुलच्या मूळ आवाजात ऐकवायचा.

बोलक्यात आणखी एक सोय होती, ‘पूरक’ नावाची. बाप कामात अडकला, तर बोलका आपणहूनच बोलायचा, त्याच्याच आवाजात आणि त्याच्याच ढंगात. घरच्यांना कळावं म्हणून तेव्हा त्यावर पिवळा दिवा लागायचा. शार्दुलनं तो दिवा खालूनच बंद करून टाकला होता.

“बोरं नंतर ओता हं. आधी बापलेकीची गंमत बघा,” शार्दुलची बायको ऋजुता शेजारणींना कौतुकानं म्हणाली. “रोज संध्याकाळी खेळतात दोघं. कितीही दमलेला असो, यानं एक दिवस चुकवला नाही.”

तिनं इंदूच्या हातात वाटी दिली. इंदूनं ती पाटावर दोनदा आपटली आणि वर फळीकडे पाहिलं.

“तिकडे काय बघतेस, येडू? बाबा इथं आलाय!” ऋजुतानं तिला शार्दुलकडे वळवलं.

इंदूनं वाटी पुन्हा आपटली आणि त्याच्याकडे बघत थांबली. सगळेच थांबले.

“अरे वा! छान वाजवते की!” शार्दुल कसंबसं म्हणाला.

इंदूचा खालचा ओठ बाहेर आला. आता ती रडणार, तेवढ्यात फळीवरून शार्दुलचाच आवाज आला, “कोण आलं गं, कोण आलं?”

“बा!” इंदू किंचाळली.

“पळा पळा, बांगडा आला!”

इंदू हसून हसून पाटावरून घसरली.

“अगोबाई, डब्यानं बापाची विकेट काढली!” एक शेजारीण म्हणाली आणि हशा पिकला. ऋजुता हसली नाही. माईंनी घाईघाईनं बोरं-चुरमुरे नातीच्या डोक्यावर ओतले, तशी शेजारची पोरं त्यावर तुटून पडली.

पाहुणे गेल्यावर ऋजुतानं त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

“कधीपासून?”

“पावसाळ्यापासून. आधी खरंच मीच बोलायचो, ऋजू. काम संपलं की जीव नकोसा व्हायचा. एकदा पूरकवर सोडलं, इकडून काहीच तक्रार आली नाही. मग... मग कॅरमचा डाव असायचा संध्याकाळी.”

कॅरम हा शब्द तोंडातून गेला आणि त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

माई परात घ्यायला आत आल्या होत्या. “मला शंका होतीच,” त्या पुटपुटल्या. “आमचा शार्दुल आणि इतका वेळ न चिडता दुसऱ्याचं ऐकून घेतो? मग म्हटलं, लेक झाली, सुधारला असेल.” त्या परात न घेताच बाहेर गेल्या.

“तिला ताप चढला होता तेव्हा मी रडत होते,” ऋजुता म्हणाली. “तू म्हणालास, रडू नकोस, मी आहे ना. तेवढ्या एका वाक्यावर मी तग धरला. ते कोण म्हणालं होतं रे?”

“इंदूला ताप आला होता?” शार्दुलनं विचारलं.

ऋजुता त्याच्याकडे बघतच राहिली. त्याला तिच्या नजरेला नजर देता येईना. तो बाहेर आला, फळीवरचा बोलका काढून बंद केला आणि कपाटात कोंबला.

इंदू चुरमुऱ्यांत बसली होती. तो तिच्यासमोर मांडी घालून बसला. तिनं वाटी आपटली.

“कोण आलं गं, कोण आलं?” शार्दुल म्हणाला.

इंदूनं रिकाम्या फळीकडे पाहिलं. मग रांगत येऊन तिनं त्याच्या ओठांवर बोटं ठेवली, आत काही आहे का ते चाचपून पाहिलं आणि पुन्हा फळीकडे वळली. आता तिचा चेहरा रडवेला झाला होता.

ऋजुता दारात उभी होती. “बोलका कुठंय?”

“बंद केला. आता मी आहे ना.”

तेच वाक्य. ते त्याच्याही ध्यानात आलं, पण उशिरा.

“तिला आजवर एकच बाबा माहीत होता, शार्दुल,” ती म्हणाली. “तो तू बंद केलास. तिला विचारलंस?”

इंदूनं फळीकडे बघत पुन्हा वाटी आपटली.