बिनवासाचं घर

त्या काळी माणसाच्या विष्ठेला वास येत नसे, तान्ह्या बाळाच्या लंगोटालाही नाही. त्यामुळे मंजिरी दाभोळेच्या नाशिकच्या फ्लॅटमध्ये गिनीपिगचा पिंजरा आला, तेव्हा तिला घाण म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं, आणि ती बाथरूममध्ये जाऊन भडभडून ओकली.

माणसांनी दोन पिढ्या स्वतःला जंतुनाशकात बुचकळून काढलं होतं. कपडे, भांडी, पडदे, घराघरांतले हातमोजे, सगळ्यांवर जंतू मारणारा लेप. जुन्या लोकांचं सोवळं निदान पूजेपुरतं, जेवणापुरतं असायचं. हे चोवीस तासांचं. सुक्याबरोबर ओलंही जळालं. वाईट जंतूंसोबत आतड्यातले उपकारी जंतूही मेले. मोठी माणसं कारखान्यात आधीच पचवलेली पेज पिऊन जगत. तान्ह्यांना ती मानवत नसे, आणि आईचं दूध जंतूंवाचून अंगी लागत नसे. फार थोडी तगत.

प्रयोगशाळांतल्या काही गिनीपिगांच्या पोटात मात्र माणसाचे जुने जंतू टिकले होते. शास्त्रज्ञ त्याला 'आंत्रठेव' म्हणत, म्हणजे आपल्या आतड्याची दुसऱ्याच्या पोटात ठेवलेली ठेव.

मंजिरीच्या घरी आलेली मादी होती ठमी. तिची तीन पिल्लं जन्मतःच डोळे उघडे ठेवून, अंगभर केस घेऊन तुरुतुरु पळायला लागली होती. पाळण्यात मंजिरीची मुलगी मात्र दिवसेंदिवस वाळत चालली होती.

"ठमीला रोज कोथिंबीर, सिमला मिरची द्या," डॉ. शमीम तांबोळींनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं. "सी जीवनसत्त्व तिला आपल्यासारखंच बाहेरून लागतं. दूध पाजतेय, दुप्पट लागेल. नराला जवळ आणायचं नाही, लगेच पुन्हा गाभण राहील."

"आणि पिल्लांचं काय?"

"ती आईच्या मऊ लेंड्या खातील. त्यातूनच जंतू त्यांच्या पोटात जातात. दुधावर वाढणारे जंतू ठमीच्या पोटात पेंगत पडलेत, दूध पिणाऱ्या पिल्लांतच ते जागे होतात. मग पिल्लांच्या लेंडीच्या पाण्याचा एक थेंब तुमच्या मुलीला."

"शी!" मंजिरी म्हणाली.

आठवड्यानं डॉक्टर आल्या, तर पिल्लं मलूल पडलेली. पिंजरा आरशासारखा लखलखत होता. डॉक्टरांनी वाकून वास घेतला.

"तुम्ही हे पुसता?"

"दिवसातून चारदा. ठमीचं मागचं अंगही पुसते." मंजिरीच्या आवाजात अभिमान होता. "मग काय, त्यांना घाणीत लोळू देऊ?"

"अहो बाई, ती घाणच तर औषध होती!" डॉक्टर कपाळाला हात लावून खाली बसल्या. "पिल्लांच्या पोटात एकही जंतू गेलेला नाही. आता ठमीची लेंडी ताजी उचलून त्यांच्या तोंडात द्यावी लागेल. उघड्या हातानं. मोज्यांचा लेप जंतू मारतो."

"तुम्ही करा ना!"

"आज करीन. रोज दोन-तीनदा कोण करणार? मुलगी तुमची आहे."

मंजिरीनं केलं. नाकात कापूस, डोळ्यांत पाणी. ठमीच्या अंगाखाली बोटं घातली की ते उबदार, चिकट काहीतरी बोटांना लागायचं. हात कोपरापर्यंत घासले तरी जेवताना तो हात तिला आपला वाटेना. ती चमचा डाव्या हातात धरू लागली. तिला ठमीचा राग आला, डॉक्टरांचा आला, आणि एकदा पाळण्यातल्या मुलीचाही आला.

पिल्लं टुणटुणीत झाली. डॉक्टरांनी थेंब काढून मुलीच्या जिभेवर ठेवला. काही दिवसांनी सकाळी मुलीनं लंगोट भरला आणि खोलीभर भपकारा सुटला.

"आला! वास आला!" डॉक्टर नाचायच्याच बाकी होत्या. "दूध पचलं. जगली तुमची पोर!"

मंजिरी भिंतीला टेकून तोंड दाबून उभी होती. "हा वास जाईल ना हळूहळू?"

"जायचा कशाला? जन्मभर राहील. फक्त जपा, हे जंतू अजून कोवळे आहेत."

पिंजऱ्यात ठमी एका पिल्लाला उलटं पाडून त्याचं मागचं अंग चाटत होती. पाळण्यात मुलगी भुकेनं रडायला लागली. डॉक्टरांनी तिला उचलून आईसमोर धरलं.

"घ्या. पाजा तिला."

मंजिरी आत गेली. परत आली तेव्हा तिनं मुलीला घ्यायला दोन्ही हात पुढे केले. हातांत कोपरापर्यंत मोजे होते.