बंद तोटीवरचं कुंकू

सांगा, सांगा म्हणून आठ दिवसांपासून माझं डोकं खाऊन राहिले तुमी. म्हाताऱ्याले दोन घडी पडू द्यायचं नाही, एवढंच येतं तुमाले. बसा आता. मी दुसरी नापास माणूस, मधात कोणी फाटा फोडला तर उठून जाईन. अन् हे माझ्या डोळ्यांदेखतचं सारं नाही. माझा मोठा भाऊ पुंजाराम, त्याच्यावर गुदरलेलं आहे. तो गेला, म्हणून मले सांगणं आलं.

पुंजाराम मोर्शीजवळ वांगी, कांदे अन् झेंडू लावायचा. वावराले लागून केशवराव देशमुखांचा संत्र्याचा बगीचा. तिथल्या विहिरीवरचं तेलाचं इंजन पुंजारामच चालवायचा. मोटारीले मात्र त्यानं जन्मात हात लावला नव्हता. बत्तीस सालच्या वैशाखात केशवरावांनी त्याले बोलावलं.

"पुंजाराम, कापसाच्या कोठ्यातली मोटार चालू करून दे. मरायच्या आत त्याच गाडीत अमरावतीले जायचं आहे मले."

ती मोटार अकरा वर्षांपासून कोणी उघडली नव्हती. तिचा शेवटचा डायव्हर मी होतो.

एकवीस साली केशवरावांच्या बायकोले, सत्यवतीबाईले, कळा लागल्या. पहिलटकरीण, मूल आडवं. अमरावतीच्या दवाखान्यात न्यायले मोटार काढली. मी चालवत होतो, डाव्या बाजूले केशवराव, मागं सत्यवतीबाई अन् तानुबाई सुईण. नाल्यापाशी बैलगाड्या अडकल्या, म्हणून मी इंजन बंद केलं. केशवराव उतरले, बाईसाठी पाणी घेऊन आले. रस्ता मोकळा झाल्यावर निघालो, तर दोन फर्लांगावर इंजन गचके खाऊन बसलं. टाकीत पेट्रोल होतं. मी प्लग काढून पुसले, हँडल मारून मारून तळहाताची सालं गेली. मागून बाई दारावर बांगड्या आपटत होती. "चाला ना... चाला..." दिवस मावळायच्या आत ती गेली. लेकरू पोटातच राहिलं.

केशवरावांनी भर रस्त्यात माझ्या कानफटात हाणली. "तू मारलं तिले." तेवढं वाक्य मोर्शीपासून वरुडापर्यंत पोचलं. माझं ठरलेलं लग्न मोडलं, दुसरं कधी जमलं नाही. पुंजारामनं काम अंगावर घेतलं ते यासाठी. ती गाडी काहून थांबली, हे त्याले पाहायचं होतं.

पण सुरुवात कुठून करायची? तो अकोल्याले देवीदास मिस्त्रीकडं गेला. मिस्त्री विडी ओढत म्हणाला, "नवा माणूस पहिले हँडल मारते, अन् तिथंच फसते. तू हात खिशात ठेव. धूळसुद्धा पुसू नोको. आधी नुसतं पाह्य. कोणती तोटी बंद, कोणती उघडी, कुठं गळलं, सारं लिहून घे. मंग एकेक काढ अन् काढशील त्याच क्रमानं पोत्यावर मांड."

"मले लिहिता कुठं येते, मिस्त्री?"

"मंग खूण कर लेका. बैलाले करत नाही का पोळ्याले?"

पुंजारामनं तसंच केलं. जे उघडं सापडलं त्याले हळदीचं बोट, जे बंद त्याले कुंकवाचं. कोठ्यात दुपारी कुत्रंसुद्धा यायचं नाही. बाहेर ऊन इतकं की संत्र्याची झाडं पांढरी दिसायची, अन् आत अंधार, जुन्या सरकीचा वास, पत्र्याचं मधूनच कडकडणं. त्यानं गाडी विटांवर चढवली, चारही चाकं काढून पोत्यावर मांडली. प्लगही काढले. मागच्या गादीकडं मात्र तो पाहायचा नाही.

तिसऱ्या दुपारी वास बदलला. बाळंतशेपाच्या धुरीचा वास. बाळंतिणीच्या खोलीत येते तसा, गोडसर, गरम. पुंजाराम बाहेर जाऊन पाहून आला. कुठंच धूर नव्हता.

चवथ्या दुपारी बांगड्या वाजल्या. मागच्या दारावर, आतून. टक... टक टक...

"कोण आहे?" त्यानं विचारलं.

वाजणं थांबलं. पळायचं होतं, पण मनात माझं तोंड आलं असं तो म्हणायचा. तो बोनेटले पाठ लावून तसाच उभा राहिला. मंग टक टक पुन्हा सुरू झालं. आता ते मागून पुढं सरकत होतं, गादीखालून, लाकडातून, पुढच्या सीटपर्यंत. तिथं येऊन थांबलं.

पुंजाराम गुडघ्यावर बसला. डाव्या सीटच्या पायापाशी, धुळीत, टाकीकडून येणाऱ्या नळीवर एक पितळेची तोटी होती. तिथपर्यंत त्याचं काम अजून पोचलंच नव्हतं. पण तोटीवर कुंकवाचं बोट होतं. ओलं. अन् बोट बारीक होतं, बाईमाणसाचं.

तोटी बंद होती.

त्यानं तिले हात लावला नाही. धावत जाऊन केशवरावांले घेऊन आला. ते काठीवर आले, गुडघे आखडलेले, फाटकापर्यंत चालायचं तरी दोनदा बसत. वाकून त्यांनी तोटी पाहिली. कुंकू पाहिलं. मंग खाली मातीतच बसले.

"पुंजाराम... विहिरीवरचं इंजन थांबलं की आपण काय करतो?"

"तोटी बंद करतो जी. थेंब वाया जाऊ नये म्हणून."

"नाल्यापाशी मी उतरलो..." त्यांनी तोटीकडं बोट केलं. "हात आपोआप गेला असंल रे. अन् मले आठवलंच नाही. पुढच्या नळीत उरलं होतं तेवढ्यावर ती दोन फर्लांग चालली..."

मंग त्यांनी मान वर केली.

"जा. तुझ्या भावाले, गोवर्धनले बोलाव. त्याचे पाय धरतो मी."

मी आमच्या वावरात कांदे काढत होतो. पुंजाराम धापा टाकत आला, आमी दोघं पळत गेलो. जाऊन येऊन अर्धा घंटाही झाला नसंल. कोठ्यात मोटार विटांवर तशीच. चाकं पोत्यावर, प्लग पोत्यावर. काठी जमिनीवर पडलेली. केशवराव नव्हते. तोटी उघडी होती, अन् कोरड्या टाकीच्या त्या गाडीखाली ताज्या पेट्रोलचा वास येत होता.

विहीर पाहिली, बगीचा पाहिला. दिवस कलल्यावर भगवंत गाडीवान आला. त्याच्या बैलगाडीत केशवराव पडलेले, धुळीनं माखलेले, डोळे उघडे, वाचा गेलेली. आठ मैलांवरच्या त्याच नाल्यापाशी रस्त्याच्या कडेले बसलेले सापडले, म्हणे.

अन् भगवंत माझ्याच अंगावर आला. "काहून बे गोवर्धन, मस्ती चढली का? एवढ्या जोरात मोटार हाणते का कोणी? माझे बैल बुजले. मी हात केला तर वळूनही पाहिलं नाही तू!"

"मी वावरात होतो. दादाले विचार."

"आता माझ्या डोळ्यांले खोटं पाड! मालकाले रस्त्यात उतरवून दिलं तू. ते गाडीमागं खुरडत होते, रडत होते, अन् मागं बसलेली बाई काही थांब म्हणाली नाही. मांडीवर लेकरू होतं तिच्या, टाहो फोडून राहिलं होतं. तुमी तिघं गेले निघून, अमरावतीच्या रस्त्यानं."

पुंजारामनं माझा हात घट्ट धरला. माझे हात कांद्याच्या मातीनं भरलेले होते, ते त्यानं भगवंताले दाखवले. भगवंत बैल हाकून निघून गेला. पुन्हा त्या विषयावर तो कधी बोलला नाही.

ते तिघं दवाखान्यापर्यंत पोचले का, मले माहीत नाही. मी पुन्हा कधी अमरावतीच्या त्या रस्त्यानं गेलो नाही. केशवराव चार वर्षं ओसरीवर पडून होते. मी रोज जाऊन समोर बसायचो. ते तोंड उघडायचे, माझ्याकडं पाहायचे, अन् मिटून घ्यायचे. वाचा गेली होती हे खरं, पण हात तर जोडता येत होते ना? नाही जोडले. गेले तसेच. चूक माझी नव्हती, हे ज्यानं म्हणायचं होतं अन् ज्याची माफी माझ्याकडं आजही यायची राहिली आहे, ते केशवराव देशमुख.