उलटा फेरा

खोटं मी एकदाच लिहिलं. खाली सहीही केली. हे मात्र खरं आहे.

१९३४. अधिक वैशाख. काशी. रात्र नव्हती. लख्ख ऊन होतं.

माझा मामेभाऊ नीलकंठ छावणीजवळच्या शेडमध्ये शर्यतीच्या मोटारी बनवी. बनवल्या होत्या दोनच. कलकत्त्याच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याला उतरायचं होतं. अट अशी : आधी दोनशे मैल न थांबता चालवून दाखवा, साक्षीदाराच्या सहीनिशी. थांबलात तर बाद.

साक्षीदार मी. ढुंढिराज, शाळामास्तर.

रस्ता पंचक्रोशीचा. चार फेरे. यात्रेकरू काशी उजव्या हाताला ठेवून पायी फिरतात.

"आपण उलटं जाऊ," मी म्हणालो. "माणसं समोरून येतील. गाडी बघून बाजूला होतील."

"मास्तर, पागल झालास? उलटा फेरा चितेभोवती घालतात."

"गाडीला काय कळतंय, निळू? चल, बैठ."

पहिला फेरा.
विशेष काही नाही.

दुसरा फेरा.
भीमचंडी ओलांडली. सगळे समोरून येत होते...

एक सोडून.

लाल आलवणातली म्हातारी. पाठमोरी. आमच्याच दिशेने चाललेली.

"ही एकटीच उलटी कशी रे?" नीलकंठ म्हणाला.

मी वहीत काही लिहिलं नाही.

तिसरा फेरा.
शिवपूर. भीमचंडीहून तिथवर पायी यायला दोन दिवस लागतात.

समोर... लाल आलवण. पाठमोरं.

"ढुंढी, हिने कुणाची मोटार पकडली?" नीलकंठ हसला.

मी हसलो नाही.

पहिला फेरा. पुन्हा लिहितो.
भीमचंडीच्या तळ्यापाशी ती समोरून येत होती. तोंड दिसलं होतं. हात वर करून ओरडली. मराठीत.

"अरे बाळांनो, हळू!"

धुळीने नीलकंठचे डोळे मिटले होते, कान इंजिनाकडे. धक्का बसला. त्याचा पाय ब्रेककडे गेला.

"काय होतं रे?"

मी मागे वळून बघितलं.

"कुत्रं," मी म्हणालो. "थांबू नकोस."

दुसऱ्या फेऱ्यात त्या जागी काहीच नव्हतं. रक्त नाही. गर्दी नाही.

चौथा फेरा.
मी डोळे मिटून बसलो होतो.

वहीत लिहिलं, 'वाटेत काही घडले नाही.' सही केली.

नीलकंठला प्रवेश मिळाला. शर्यतीत नवव्या तासाला त्याने चांगली चालती गाडी स्वतःहून बाजूला घेतली.

"ती पुढे चालत होती रे," घरी आल्यावर म्हणाला. "हटेचना. तिला कसं तुडवू?"

तिसरी मोटार त्याने बनवली नाही. ते कुत्रं होतं, असं त्याला अजून वाटतं.

अकरा वर्षं झाली. दर अधिक महिन्यात मी पंचक्रोशी चालतो. अनवाणी, सुलट. ती उलटी चालते. म्हणजे कधीतरी समोरासमोर येईल, पाया पडेन, असं वाटायचं.

यंदा भीमचंडीला दिसली...

माझ्या पुढे. पाठमोरी. सुलट चाललेली.

'थांबा' एवढंच म्हणायचं होतं.

तोंड उघडेना.

मी चालत राहिलो. तीही.